सायटेशन ६,८०० असलेल्या डॉक्टरकडे न्यावं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. इंदिरानगरच्या एका मुलाने विचारलंय. वडील ६४ वर्षांचे, गेल्या दिवाळीनंतर स्ट्रोक येऊन गेला, चालतात फिरतात पण उजवा हात अजून जड आहे. बहीण ३१ वर्षांची, कॉलेजपासून अर्धशिशी, आधी डोळ्यांपुढे चमचमत्या वाकड्यातिकड्या रेषा येतात, वीस-पंचवीस मिनिटांनी त्या जातात आणि मग अर्धं डोकं ठणकायला लागतं. एका घरात दोन दोन न्यूरॉलॉजीचे पेशंट म्हटल्यावर ह्या मुलाने गुगल स्कॉलर (संशोधकांचे पेपर आणि त्यांचे आकडे दाखवणारी साइट) उघडलं, तर मुंबईच्या एका डॉक्टरांच्या नावापुढे सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत झालेले उल्लेख, ६,८०० आणि त्यावरूनच काढलेला एच-इंडेक्स ३१, विषय हेडेक आणि स्ट्रोक, आणि नाशकात सध्या ज्यांच्याकडे दाखवतात त्यांचं प्रोफाइलच नाही. तर दोघांना मुंबईला न्यावं का?

मी नाशकात बावीस वर्षं न्यूरॉलॉजीची ओपीडी करतोय. (तुम्ही ज्यांच्याकडे दाखवता तो मी नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल स्वतःचीच वकिली करतोय.) मुंबईच्या डॉक्टरांचं नाव दिलं नाहीत हे बरं केलंत, कारण मला माणसाबद्दल नाही, त्या आकड्याबद्दल बोलायचंय.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. माझे एकूण नऊ पेपर. सायटेशन अशी: २१२, ३८, १९, ११, ७, ६, ४, ४, १. बेरीज ३०२. आता एच-इंडेक्स कसा काढतात बघा, पेपर जास्त सायटेशनवाला वर असे एकाखाली एक लिहायचे आणि वरून मोजत यायचं, सहाव्या पेपरला ६ सायटेशन आहेत म्हणजे ठीक, सातव्याला ७ हवी होती पण आहेत ४, तिथे थांबायचं. माझा एच-इंडेक्स ६. ही युक्ती २००५ मध्ये जॉर्ज हिर्श नावाच्या माणसाने काढली, आणि तो डॉक्टर नाही, फिजिक्सवाला आहे. दहा किंवा जास्त वेळा उल्लेख झालेले पेपर मोजले की तो आय-टेन, माझा ४.

आता गंमत अशी की ३०२ पैकी २१२ सायटेशन एकाच पेपरची आहेत, आणि त्या पेपरात मी केलं काय, तर एका मोठ्या मल्टिसेंटर ट्रायलमध्ये नाशिकमधून ११ पेशंट घातले, फॉर्म भरले, दर तीन महिन्यांनी फोन करून फॉर्मवरचे गोल काळे केले. लेखकांच्या यादीत मी तेविसावा. पेपर लिहिताना माझं एक वाक्यही त्यात गेलेलं नाही. ज्या पेपरचा मला खरंच अभिमान आहे तो खालून दुसरा, ४ सायटेशनवाला, आणि त्यातली दोन माझीच, म्हणजे मीच पुढच्या पेपरात त्याचा रेफरन्स दिलाय. तो कशाबद्दल आहे ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी, डोकेदुखी आणि स्ट्रोक, तिथे एकत्र येतात.

दिंडोरीकडची एक बाई, बाळंत होऊन बारा दिवस झालेले. सिझेरियन झालेलं, त्यासाठी पाठीत इंजेक्शन. डोकं दुखतंय म्हणून एका ठिकाणी दाखवलं तर सांगितलं, इंजेक्शनमुळे दुखतं, झोपून राहा, कॉफी प्या. हे अगदीच चूक नव्हतं, तशी डोकेदुखी असते, पण ती उभं राहिलं की वाढते आणि आडवं पडलं की कमी होते. हिचं उलटं होतं, आडवं पडलं की जास्त. हा एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता. डोकेदुखीच्या पाचव्या दिवशी फिट आली तेव्हा रात्री दीडला माझ्याकडे आणली. एमआरआय वेनोग्राफीत मेंदूतून रक्त परत नेणारी मोठी शीर गुठळीने भरलेली, आणि शेजारी थोडासा रक्तस्राव. म्हणजे स्ट्रोकच, पण धमनीचा नाही, शिरेचा. आपल्याकडे बाळंतपणानंतर हा प्रकार बराच दिसतो.

तिच्या दिराने जो प्रश्न विचारला तो कुणीही विचारला असता, "डॉक्टर, डोक्यात रक्तस्राव झालाय म्हणता आणि वर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता?" हो, देतो. का देतो, तर १९९१ मध्ये जर्मनीतल्या आइनहॉइप्ल आणि मंडळींनी लॅन्सेटमध्ये एक ट्रायल छापली, अशाच पेशंटना हेपरिन दिलं तर काय होतं. ट्रायलमध्ये पेशंट किती? वीस. दहा इकडे, दहा तिकडे. हेपरिनवाल्या दहापैकी आठ पूर्ण बरे झाले, बिनहेपरिनवाल्यांत एक, आणि त्यांच्यातले तीन गेले. फरक इतका उघड दिसला की ट्रायल मध्येच थांबवली. सुरुवातीलाच रक्तस्राव असलेले पेशंटही त्यात होते. आजही रात्री दीडला माझा हात हेपरिनच्या बाटलीकडे जातो तेव्हा त्याच्या मागे ते वीस पेशंट असतात. बाई बरी झाली, मूल आता शाळेत जातं. मी फक्त अशा सात केसेस एकत्र लिहिल्या आणि आडवं-उभं हा प्रश्न विचारा एवढंच म्हटलं. चार सायटेशन. असो.

सांगायचं काय, तर सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात ह्या पेपरचं नाव घेतलं, एवढंच. सहमत होऊन घेतलं, भांडायला घेतलं का शेवटची यादी भरगच्च दिसावी म्हणून घेतलं, हे आकड्यात दिसत नाही. पेशंट किती बरे झाले ते तर मुळीच दिसत नाही.

मग कशाला जास्त सायटेशन मिळतात? आमच्या शाखेत सगळ्यात जास्त मिळतात त्या व्याख्या, वर्गवाऱ्या आणि गाइडलाइन्स. डोकेदुखीचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, आयसीएचडी म्हणतात, पहिलं १९८८ ला आलं, तिसरं २०१८ ला. डोकेदुखीवर कुणीही काहीही लिहिलं की पहिल्याच परिच्छेदात त्याचं नाव घ्यावं लागतं, तसं स्ट्रोकमध्ये १९९३ च्या टोस्ट वर्गीकरणाचं. ह्या कमिट्यांत नाव असलं की सायटेशनचा नळ चालू राहतो. तीच गोष्ट ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजची, म्हणजे जगभरातल्या आजारांचा हिशोब मांडणाऱ्या प्रकल्पाची, एकेका पेपराला शेकड्यांनी लेखक, आणि प्रत्येकाच्या प्रोफाइलवर तेच हजारो सायटेशन पूर्ण जमा होतात, वाटून नाही. सोसायटीच्या जेवणावळीत पोळ्या लाटणाऱ्याला आणि पानं मांडणाऱ्याला सारखंच श्रेय, तसं काहीसं. त्यात वाईट काही नाही, काम खरंच मोठं असतं, पण ६,८०० मधले किती असे आहेत हे प्रोफाइल उघडून पहिले पाच पेपर बघितले की दोन मिनिटांत कळतं. ते तुम्ही बघितलं का?

आणखी एक, गुगल स्कॉलर नावावरून पेपर गोळा करतं. आपल्याकडे एस. पाटील, आर. कुलकर्णी, एस. जाधव किती आहेत विचारू नका. माझ्या प्रोफाइलवर एकदा द्राक्षावरच्या डाऊनी मिल्ड्यूचा पेपर येऊन बसला होता, नाशिक म्हटल्यावर शोभला असता पण मी तो काढून टाकला. सगळेच काढतात असं नाही. स्कोपस नावाच्या दुसऱ्या डेटाबेसवर त्याच माणसाचा आकडा बघा, बहुतेक वेळा कमी येतो, कारण तिथे कुठली जर्नल्स मोजायची ती निवडून ठेवलेली असतात. आणि ते "जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड" असं पेपरात दरवर्षी फोटोसकट येतं ना, ती स्टॅनफर्डच्या इओअनिडिस यांनी स्कोपसच्या डेट्यावरून केलेली यादी, तीही सायटेशनचीच. कुणी मुलाखत घेऊन निवड केलेली नसते.

मेडिकल कॉलेजात असिस्टंटचं असोसिएट व्हायचं तर पेपर लागतातच, त्यामुळे कॉलेजमधल्या डॉक्टरांच्या नावावर दहा-पंधरा पेपर असणं हे बऱ्याचदा नोकरीचा भाग असतो, जसं शिक्षकाला इलेक्शन ड्यूटी. पैसे भरले की आठ दिवसांत छापून देणारी जर्नल्स त्यावरच जगतात, मलाही आठवड्याला चार ईमेल येतात, "आदरणीय प्राध्यापक" म्हणून, मी प्राध्यापक नसताना. उलट खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्याला पेपर लिहून काही मिळत नाही, रविवार जातो एवढंच. त्यामुळे तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांचं प्रोफाइल नाही ह्यावरून काहीच ठरत नाही.

पण ह्याचा अर्थ संशोधन फुकट असा घेऊ नका, तो माझा मुद्दाच नाही. तुमच्या बहिणीला ज्या चमचमत्या रेषा दिसतात त्यांची गोष्ट ऐका. कार्ल लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाला स्वतःला अशा रेषा दिसायच्या, त्याने त्या कागदावर उतरवल्या, किती मिनिटांत किती सरकतात ते मोजलं आणि १९४१ मध्ये लिहिलं की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगाने सरकत असणार. १९४४ मध्ये आरिस्तिदिस लेआँव हा ब्राझीलचा विद्यार्थी हार्वर्डला सशांच्या मेंदूवर फिट्सचा अभ्यास करत होता आणि त्याला वेगळंच सापडलं, मेंदू एका जागी चाळवला की तिथलं काम बंद पडतं आणि ती बंदी लाटेसारखी हळूहळू पसरत जाते, मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. पण पुढची कित्येक वर्षं त्याला सशाच्या मेंदूतली गंमत समजून बाजूला ठेवलं. १९८१ मध्ये डेन्मार्कच्या ओलेसन यांच्या गटाने पेशंटच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला तेव्हा तो तसाच सरकत कमी होताना दिसला, २००१ मध्ये एमआरआयवर दिसला. आणि आता कळतंय की स्ट्रोक झाल्यावर मेलेल्या भागाच्या कडेने अशाच लाटा उठतात आणि नुकसान वाढवतात. बहिणीच्या रेषा आणि बाबांचा हात एकाच लाटेने जोडलेले निघाले. लेआँवचा एच-इंडेक्स १९५० मध्ये बघून कुणी त्याच्याकडे गेलं नसतं.

तसंच सीजीआरपीचं. अर्धशिशीच्या अॅटॅकमध्ये मानेतल्या शिरेच्या रक्तात हे द्रव्य वाढतं हे गोड्सबी आणि एडविन्सन यांनी १९९० ला दाखवलं, त्यावरचं पहिलं महिन्याचं इंजेक्शन अमेरिकेत २०१८ ला मंजूर झालं, आणि २०२१ मध्ये ह्या दोघांसह चौघांना ब्रेन प्राइज मिळालं, त्यात वरचे ओलेसनही होते. शोधापासून इंजेक्शनपर्यंत २८ वर्षं लागली.

उलटी उदाहरणंही आहेत. मेंदूच्या धमनीतली गुठळी तारेने ओढून काढायची, थ्रॉम्बेक्टॉमी, त्याच्यावर २०१३ मध्ये एकदम तीन ट्रायल आल्या, तिन्हींचा निष्कर्ष, फायदा नाही. आमच्या कॉन्फरन्समध्ये लोक म्हणायला लागले की झालं, संपलं. २०१५ मध्ये पाच ट्रायल आल्या, नवीन स्टेंट, आणि आधी अँजिओ करून खरंच मोठी नळी बंद आहे अशाच पेशंटची निवड, आणि फायदा असा की कुणाला शंकाच राहिली नाही. २०१३ च्या पेपरांची सायटेशन अजून वाढतायत, कारण प्रत्येक जण "पूर्वी असं वाटत होतं" म्हणून त्यांचं नाव घेतो.

आपल्याकडचे पेपर मात्र त्या मानाने कमी मोजले जातात आणि मला तेच जास्त उपयोगी पडतात. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटाने स्ट्रोकची नोंदवही ठेवली तेव्हा वर्षाला लाखामागे १४५ जणांना पहिला स्ट्रोक येतो असं निघालं. कर्नाटकात निम्हान्सने घरोघरी जाऊन विचारलं तर मोठ्या माणसांत साधारण चारातल्या एकाला वर्षभरात अर्धशिशी. आणि बाबांसाठी महत्त्वाचा, अटेंड नावाचा ट्रायल, लॅन्सेट २०१७, लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि ऑस्ट्रेलियातले सहकारी, भारतातली १४ हॉस्पिटलं, १,२५० पेशंट. प्रश्न अगदी आपला: फिजिओ परवडत नाही तर घरच्यांनाच शिकवून घरी व्यायाम करून घेतला तर? सहा महिन्यांनी बघितलं, फरक नाही. मला वाईट वाटलं होतं वाचून, कारण मी तोवर नातेवाइकांना दोन कागद देऊन "तुम्हीच करा हो घरी" म्हणत होतो. आता निदान सुरुवातीचे काही आठवडे फिजिओथेरपिस्टचाच हात लागावा म्हणून भांडतो, आठवड्यातून दोनदा जमलं तरी चालेल म्हणतो.

आता तुमचं बघू. मुंबईच्या डॉक्टरांचं प्रोफाइल परत उघडा आणि आकडा सोडून खालचं वाचा. नाव पहिलं किंवा शेवटचं कुठल्या पेपरात आहे (पहिला बहुधा काम करणारा, शेवटचा करवून घेणारा, मधले आमच्यासारखे), गेल्या पाच वर्षांत काय केलंय, आणि डोकेदुखीचं काम नक्की कशावर आहे. स्ट्रोकमध्ये माणसं जास्त, जर्नल्स जास्त, त्यामुळे सायटेशनही जास्त, कदाचित ६,८०० मधले बरेचसे स्ट्रोकचेच असतील आणि बहिणीच्या कामाचे दोनच पेपर निघतील. स्ट्रोकमध्येही ते कॅथलॅबमध्ये तारेने गुठळी काढणारे असतील तर बाबांच्या आताच्या टप्प्यावर त्यांच्या हातचं काही नाही.

बाबांना नियमित फॉलोअपला मुंबईला नेऊ नका, हे स्पष्टच सांगतो. आता त्यांना काय हवंय, तर बीपी ताब्यात, शुगर ताब्यात, गुठळी होऊ नये म्हणूनची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी न चुकता, तंबाखू असेल तर बंद, आणि हाताचा व्यायाम. ह्यात एच-इंडेक्स ३१ आणि ६ मध्ये काही फरक पडत नाही, केमिस्ट जवळ असण्याने पडतो. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर "एमआरएस" असं काही लिहिलेलं असेल तर ते जपून ठेवा, माणूस किती स्वावलंबी आहे त्याचं माप आहे ते. ग्लासगोच्या जॉन रँकिननी १९५७ मध्ये साठीपुढच्या पेशंटवर एक साधा पेपर लिहिला त्यातून आलं, आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्ट्रोक ट्रायलमध्ये तेच वापरतात आणि मूळ पेपरचं नाव घ्यायचं निम्मे विसरतात.

खरी तयारी पुढच्या वेळेची करा. देव करो न येवो, पण आला तर मुंबईचा विचारसुद्धा करायचा नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते घड्याळ तुम्हाला कळल्यापासून नाही, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून चालू होतं. रक्त थांबलं की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशोब सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला होता. कसाऱ्यात कंटेनर आडवा झाला की काय होतं तुम्हाला माहितीये. एकदा सिन्नरच्या एका पेशंटच्या घरच्यांनी त्याला घेऊन "मोठ्या डॉक्टरांकडे" म्हणून मुंबई गाठली होती, वाटेत नाशिक ओलांडून, आणि पाच तासांनी पोचले. त्यामुळे ह्याच रविवारी फोन करून विचारून ठेवा, तुमच्या जवळ कुठल्या हॉस्पिटलात रात्री तीनलाही सीटी चालू असतो आणि ते इंजेक्शन देतात, थ्रॉम्बेक्टॉमी नाशकात कोण करतं, आणि नंबर फ्रिजवर चिकटवा. मोठी नळी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत ती काढता येते, २०१८ च्या ट्रायलनंतर, पण ते ठरवायलाही आधी स्कॅन लागतो.

बहिणीला एकदा मुंबईला दाखवायला हरकत नाही, पण इथे काय काय करून झालंय त्यावर. रोजची प्रतिबंधक औषधं दोन-तीन, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येक किमान दोन महिने घेऊन फरक पडला नसेल तर जरूर जा, अशा वेळी डोकेदुखीच्याच मागे लागलेला डॉक्टर उपयोगी पडतो. त्याआधी दोन गोष्टी इथेच तपासा. एक, ती गर्भनिरोधक गोळी घेते का, इस्ट्रोजेन असलेली. रेषा दिसणाऱ्या अर्धशिशीत स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट असतो, ह्या वयात मुळात धोकाच अगदी कमी म्हणून घाबरायचं कारण नाही, पण वर ती गोळी आणि सिगारेट आली की गणित बदलतं, गोळी बदलून घ्यायची. हे तिच्याशी एकटीशीच बोलायला हवं, भाऊ आणि बाबा समोर बसलेले असताना ती सांगणार नाही.

दोन, ती महिन्यात किती दिवस डोकेदुखीची गोळी घेते. साध्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) दहा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. विचारलं की सगळे "कधीतरी घेते" म्हणतात. म्हणून मी घरचं कालनिर्णय आणायला सांगतो, जिथे दुधाचा हिशोब असतो तिथेच पेनाने लाल फुली म्हणजे डोकं दुखलं, गोल म्हणजे गोळी घेतली. पंचवटीतल्या एक बाई मागच्या महिन्यात पान घेऊन आल्या, चतुर्थी, एकादशी सगळं गोलांखाली झाकलेलं, एकोणीस गोल, आणि स्वतःच मोजून म्हणाल्या, "अहो, मला वाटलं पाच-सहा असतील." त्यांचं एमआरआय दोनदा झालं होतं, पान कुणी मागितलं नव्हतं.

तर बहिणीला आजपासून फुल्या मारायला सांगा, दोन महिने. मुंबईला गेलात तर ती दोन पानं आधी टेबलावर ठेवा, फाइल नंतर.